रंगनाथ, तुला ग्रुपमधून मी काढलं होतं

रंगनाथ,

ग्रुपवर तुला श्रद्धांजली वाहून झाली. तू गेल्याची बातमी आली आणि हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. कुणीतरी तुझा जुना फोटो शोधून काढला, कंपनीच्या पैठणच्या सहलीतला. त्यात तू कारंज्यासमोर ताठ उभा आहेस आणि नेमके डोळे मिटलेले आलेत. त्याला फुलांची चौकट लावली, खाली पणती ठेवली. 'भला माणूस', 'रोखठोक बोलणारा', 'असा दोस्त पुन्हा होणे नाही'. 'रंगनाथला आवर' म्हणून ज्यांनी मला फोनवर फोन केले होते, त्यांचे हात सगळ्यांत आधी जोडले गेले. आणि हे सगळं ज्या ग्रुपवर चाललं होतं, त्या ग्रुपात तू नव्हतास. तुला तिथून मी काढलं होतं.

मी त्या रांगेत काही टाकलं नाही. बोटं फोनवर नुसती फिरत राहिली. काल तुझं तेरावं झालं, आज हे लिहायला बसलोय, कागदावर. तू म्हणशील, "पाटील, लांबण लावू नको, मुद्द्यावर ये." येतो. मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

मी कसला पाटील! फुलंब्रीला भावकीत वाटून उरलेली चार वावरं, तीही काकांच्या ताब्यात. पण तू पहिल्या दिवशी गाडीत मला विचारलंस, "गावाकडं जमीन हाय का?" मी हो म्हणालो आणि भगवानचा कायमचा पाटील झालो. तू कन्नडकडचा, घाटाखाली मेंढरं चारणाऱ्या घरातला. तुझा आवाज एवढा मोठा का, तर लहानपणी एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवरच्या भावाशी बोलायचास म्हणून. त्या आवाजामुळेच पेपर वाचायचं काम तुझ्याकडे आलं.

वाळूजला तेव्हा दर महिन्याला नवं शेड उभं राहत होतं. आपण स्कूटरच्या ब्रेकचे भाग बनवायचो. सिडकोतून निघणारी कंपनीची सात नंबरची बस जालना रोडनं, क्रांती चौकातून, नगर नाक्यावरून वाळूजला जायची. गाडीला कंडक्टर नव्हता. दाराजवळच्या सीटवर बसणारा तू, आणि पत्र्यावर थाप मारायचं कामही तुझंच. एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे चल. पुढं रफिकभाई स्टिअरिंगवर. मागं आम्ही सगळे अर्धवट झोपेत. तू पेपर उघडायचास आणि झोप उडवायचास.

नुसती बातमी वाचून तू थांबायचा नाहीस. एकेकाला उठवून विचारायचास, "तुला काय वाटतं?"

मला आठवतंय, पहिल्यांदा तू मला विचारलंस तेव्हा मी चक्क मागं वळून पाहिलं. बातमी होती कारखान्यांत कॉम्प्युटर येणार अशी.

"मला काय वाटायचंय?" मी म्हणालो.

"वाटायचंय म्हंजे? डोकं घरी ठिवून आलास व्हय?"

गाडी हसली. रंगनाथ, आमच्या घरात काका बोलायचे आणि बाकीचे ऐकायचे. माझं लग्न ठरलं तेही मला पाहुण्यांना चहा देताना कळलं. मी पंचविशीला आलो होतो आणि तोवर मला कुणी कशाबद्दल काय वाटतं म्हणून विचारलं नव्हतं. त्या दिवशी मी काहीतरी ठोकून दिलं, की आपल्या हयातीत आपल्या शॉपमध्ये कॉम्प्युटर येत नाही. तू म्हणालास, येणार, आणि आधी टाइमकीपरला खाणार, मग स्टोअरवाल्याला. आपलं त्यावर गेटपर्यंत वाजलं. गेट आलं की विषय बंद, आणि परतीच्या गाडीत जिथं सोडला तिथून पुन्हा चालू. रंगीत टीव्ही, डिश अँटेना, पेजर, सगळ्यांवर गाडीत मतं झाली. ज्याच्या घरी यातलं काहीच नव्हतं, त्याचं मत सगळ्यांत ठाम असायचं.

आणि बॉनेट. बसमध्ये ड्रायव्हरशेजारी इंजिनावरचं ते गरम झाकण, वर जुनं गोधडीचं बोचकं टाकलेलं. जो भांडणात आवाज चढवेल, आईबापावर जाईल, त्याला त्या दिवशी बॉनेटवर बसवायचं. रफिकभाईकडं तोंड करून. शिक्षा एवढीच, की त्या दिवशी त्याला वादात मत नाही. दुसऱ्या दिवशी ज्यानं पाठवलं त्यानंच हाक मारून परत जागेवर बोलवायचं. बॉनेटवरच्यानं स्वतःहून उठायचं नाही, ही त्यातली मानाची गोष्ट होती. तू बॉनेटवर सगळ्यांत जास्त बसलास. तिथं बसूनही तुला सगळं ऐकू जायचं आणि मान वळवून तू मुद्दा हाणायचासच.

उत्तम बॉनेटवर एकदाही गेला नाही. क्रांती चौकाच्या पुढच्या थांब्यावर चढायचा, हातात डबा, शर्ट कायम खोचलेला. नामांतराचा वाद गाडीत निघायचा तेव्हा विद्यापीठाचं नाव का बदललं पाहिजे हे त्याच्याइतकं शांतपणे कुणी सांगत नव्हतं. त्याच्या वस्तीनं काय सोसलं होतं ते सांगतानाही त्याचा आवाज चढायचा नाही. आम्ही काहीबाही बोलायचो. मी तर बहुतेक वेळा खिडकीबाहेर बघायचो, कारण काकांचं मत मला माहीत होतं आणि माझं मला सापडलं नव्हतं. तू म्हणायचास, "आपल्याला काय त्याचं, आपण मेंढरंवाले." पुढं कितीतरी वर्षांनी तू ग्रुपवर लिहिलंस, "त्या नावानं कुणाचं काय गेलं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाय." तेव्हाही मी खिडकीबाहेरच बघितलं म्हणायचं.

ग्रुप मी काढला. म्हणजे सुनेनं काढून दिला आणि मला ॲडमिन केलं. नाव 'सात नंबर गाडी'. सगळे निवृत्त, कुणाचे गुडघे गेलेले, कुणाची नातवंडं पुण्याला. सुरुवातीला नुसते गुलाब आणि सुप्रभात. मग तुला स्मार्टफोन मिळाला आणि गाडी खरोखर सुरू झाली. रोज सकाळी पहिल्या पाळीच्या वेळेला तुझं एक मत यायचं, शेवटी ठरलेला प्रश्न, "तुम्हाला काय वाटतं?"

तुझी ती मतं! भाजीवालीच्या टोपलीवर स्कॅनचा कागद चिकटवलेला पाहून आलास त्या दिवशी तू लिहिलंस, "पयशे तिच्या पोराच्या खात्यात जातात आन तिला विचारलं तर ती म्हणती मला काय म्हाईत. मग मेथी कुणाची?" नळाला पाणी कधी येणार हे मोबाइलवर कळायला लागलं तेव्हा, "कळून काय करू, हंडे तेच." शहराचं जुनं नाव लिहायचं की नवं यावर ग्रुप पेटला तेव्हा तू म्हणालास, "पोस्टमनला विचारा, तो पिनकोड बघतो." आणि नातवानं ते बोलणारं यंत्र फोनवर दाखवलं तेव्हा तू त्याला मेंढीच्या खुराचा इलाज विचारलास. "बरोबर सांगितलं राव. पण मेंढी धरायची कुणी ते नाय सांगितलं."

कुणी कुठूनतरी आलेला मेसेज पुढं ढकलला की तुझा प्रश्न ठरलेला, "तू सोता बघितलं का?" लोक चिडायचे. मीही चिडायचो. तू ग्रुपात नसतास तर तिथं फुलांशिवाय काही उगवलं नसतं, हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगायला काय लागत होतं?

तीन-चार वेळा तुला मी ग्रुपवरून बॉनेटवर पाठवलं. तू कुणाला टाकून बोलायचास, मी तुला काढायचो, 'रंगनाथ बॉनेटवर' असं लिहून हसरा चेहरा टाकायचो. दुसऱ्या दिवशी परत आत घ्यायचो. सगळे हसायचे, तूही. आपल्याला वाटायचं, जुनीच गंमत चाललीय.

आता तो दिवस.

शहराच्या नावावरून वाद चालू होता आणि कुणीतरी विद्यापीठाच्या नामांतराचा विषय काढला. मला वाटलं आपण मोठेपणानं दोन शब्द लिहावेत. लिहिलं. बराच वेळ घेऊन लिहिलं. "नामांतराच्या पेटलेल्या दिवसांतही आपली सात नंबर गाडी एकदिलानं चालली. गाडीत जात शिरली नाही, भांडण गेटबाहेर राहिलं." टाळ्या सुरू झाल्या, रंगनाथ. अशा टाळ्या मला जन्मात मिळाल्या नव्हत्या. मी फोन बायकोला दाखवला. आणि टाळ्या चालू असतानाच तुझं आलं. ते मी इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय.

"पाटील, तू लिव्हलं ते चांगलं हाय पण खरं नाय. त्या दिवशी तू गाडीत नव्हतास. मी व्हतो. दाराजवळ बसलो व्हतो, थाप मारायचं काम माझं व्हतं. थांब्यावर उत्तम उभा व्हता, हातात डबा. मागून सगळे वरडले, थांबवू नको, दगडं पडतील. तिथं दगड मारणारं कुणी नव्हतं. उत्तम व्हता आन एक म्हातारी व्हती. मी दोन थापा मारल्या. उत्तमनं माझ्याकडं बघितलं. दुसऱ्या दिवसापासून तो सायकलीवर यायला लागला आन आपण सगळे म्हणलो, त्याला सायकल आवडती. उत्तम, हे मी तुला कधी बोललो नाय. आज बोलतो. दोन थापा मी मारल्या."

खरंच मी त्या दिवशी गाडीत नव्हतो. फुलंब्रीला चुलतभावाचा साखरपुडा होता. ही गोष्ट नंतर माझ्या कानावर आली होती आणि मी नव्हतो यात मला बरं वाटलं होतं. उत्तम वाळूजपर्यंत सायकल मारतोय हे मी रोज गाडीच्या खिडकीतून बघत होतो. मीही म्हणालो होतो, त्याला सायकल आवडते.

टाळ्या थांबल्या. फोन सुरू झाले. एक म्हणाला, म्हातारपणी याला काय सुचतंय. दुसरा म्हणाला, माझी पोरं ग्रुप वाचतात. रफिकभाईचा आवाज तर रडवेला झाला होता. "भगवानभाई, गाडी तो मैं चला रहा था ना. मेरे पे भी आता वो. उसको बोलो, जाने दे मियाँ, कायकू निकालता पुराना."

मी सगळ्यांना म्हणालो, बघतो. मी ग्रुपसाठी केलं, शांततेसाठी केलं, असं स्वतःला सांगितलं. खरं ते आता लिहितो. तू माझी पोस्ट खोटी पाडलीस याचा मला राग आला होता. टाळ्यांच्या मधोमध. मी तुला काढलं आणि लिहिलं, 'रंगनाथ बॉनेटवर', आणि सवयीनं तो हसरा चेहरा टाकला.

तो चेहरा अजून तिथं हसतोय. त्याच्या लगेच खाली उत्तमचा मेसेज आहे. उत्तम एका बोटानं टाइप करतो, त्याला वेळ लागतो.

"रंगनाथ, वाचलं. मी पण तुला बघितलं होतं. लई वर्षं डोक्यात होतं. असं ग्रुपवर नको, तोंडावर बोल. रविवारी घरी ये जेवायला. वाट बघतो."

मी ते वाचलं. तुला लगेच आत घ्यायला हवं होतं. निदान तो मेसेज तुला पाठवायला हवा होता, एक बोट दाबायचं काम. मी काय केलं माहितंय? मी एक गुलाबाचा फोटो टाकला. मग गणपतीचा. तो मेसेज वर सरकावा आणि कुणाच्या डोळ्यांपुढं राहू नये म्हणून. पाठोपाठ बाकीच्यांनीही फुलं टाकली आणि सकाळपर्यंत उत्तम फुलांखाली गाडला गेला.

दुसऱ्या दिवशी तुला परत घ्यायचा रिवाज होता. मी घेतलं नाही. ग्रुप छान शांत होता. राहू दे दोन दिवस, म्हटलं. आणि तू विचारणार नाहीस हे मला माहीत होतं, कारण बॉनेटवरचा माणूस विचारत नाही.

ग्रुपात घे असं तू विचारलं नाहीसच. फोन केलास तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. रविवार अजून यायचा होता.

"पाटील, उत्तम काय बोलला का रं?"

रंगनाथ, मी म्हणालो, "नाय."

"काहीच नाय?"

"नाय रे. शांत आहे सगळं. सोड ना आता."

मला पलीकडं तुमच्या पंख्याचा आवाज येत होता. मग म्हणालास, "बरंय. त्याचं बी बरोबरच हाय." आणि लगेच, जणू काही झालंच नाही असा, "पाटील, बिडकीनला एवढे कारखाने येऊन ऱ्हायले, समदी कामं यंत्रं करणार म्हणतेत. मग माणसं कशाला घेतील? तुला काय वाटतं?"

मी म्हणालो, नंतर बोलू. मला फोन ठेवायची घाई झाली होती. नंतर म्हणजे कधी, ते आता कळलं.

रविवार येऊन गेला. मी रविवारी दिवसभर तुझी आठवण काढली आणि दिवसभर फोनला हात लावला नाही. उत्तम मला फोन करून विचारेल ही धास्ती होती. त्यानं केला नाही. पुढच्याच आठवड्यात सकाळी तुझ्या मुलाचा फोन आला, की आबा चहा पिता पिता गेले.

वाळूजच्या स्मशानात उत्तम आला होता. काठी घेऊन चालतो आता, पण शर्ट अजून खोचलेला. सगळे पांगल्यावर तो माझ्याशेजारी येऊन उभा राहिला.

"भगवान, त्यानं माझं वाचलं होतं का?"

मी त्याच्याकडं न बघता म्हणालो, "वाचलं असंल. तब्येत बरी नसंल त्याची."

"रविवारी आमच्या हिनं पुरण घातलं होतं. लई वेळ ताट झाकून ठिवलं." तो तुझ्या चितेकडं बघत होता. "मला वाटलं, गाडी पुन्हा न थांबता गेली."

मी तिथून घरी आलो आणि जेवलो, रंगनाथ. भाकरी मागून घेतली. मला स्वतःची किळस आली ती त्या भाकरीनं.

चार दिवस काढले आणि उत्तमच्या घरी गेलो. तो ओट्यावर पेपर वाचत बसला होता. मी चहा नको म्हणालो, कारण चहा घेतला असता तर बोलणं झालं नसतं. सगळं सांगितलं. काढलं ते, फुलं टाकली ती, तुझा फोन आला तो, मी 'नाय' म्हणालो ते. उत्तमनं पेपरची घडी घातली.

"बॉनेटवर होता ते मला म्हाईत होतं," तो म्हणाला. "तू लिव्हलंच होतं. पण बॉनेटवरून ऐकू जायचं ना?"

"फोनवर नाही जात, उत्तम. एकदा काढलं की काहीच दिसत नाही. नंतर आत घेतलं तरी मधलं दिसत नाही."

"मला हे नव्हतं म्हाईत. मी समजलो, त्यानं ऐकलं." पुन्हा म्हणाला, "मी समजलो, ऐकलं आन आला नाय."

त्याची बायको दारातून डोकावून गेली. मी म्हणालो, उत्तम, मला शिव्या दे. त्यानं दिल्या नाहीत. तो नेहमीच्याच आवाजात बोलला.

"त्या टायमाला तू गाडीत नव्हतास, भगवान. तू आम्हाला सगळ्यांना सांगत फिरायचास, मी नव्हतो म्हणून. ह्या टायमाला गाडीत तूच होतास. थापही तूच मारली."

मग त्यानं विचारलं, "रंगनाथच्या घरी वहिनींना सांगितलं का?" मी नाही म्हणालो. "सांग," तो म्हणाला. "मी नाय सांगणार."

आधी ग्रुपवर लिहिलं. तू लिहिलेलं खरं होतं, माझं खोटं होतं, उत्तमनं तुला काय उत्तर दिलं होतं आणि ते मी कसं दडवलं, सगळं. या वेळी टाळ्या नव्हत्या. दोघेतिघे न बोलता ग्रुप सोडून गेले. कुणी एक फूलही टाकलं नाही. रफिकभाईचा फोन आला. "थाप तो मैं भी सुना था, भाई. पाँव मेराच था ॲक्सिलेटर पे." आणि त्यानं फोन ठेवला.

तुझं तेरावं होईपर्यंत वहिनींना सांगायला मी धजलो नाही. कालच्या पंगतीनंतर पाहुणे गेले, त्या मागच्या दारी भांडी मोजून ठेवत होत्या, तिथं सांगितलं. त्या खाली बसल्या. रडतील असं वाटलं. रडल्या नाहीत.

"मी म्हणत व्हते त्यांला, जाऊन या एकदा. ते म्हणले, कोणत्या तोंडानं जाऊ, तो काहीच बोलला नाय." मग म्हणाल्या, "सकाळी फोन घिऊन बसायचे. मी म्हणायची, काय बघताव? तर म्हणायचे, बॉनेटवर हाय मी, पाटील बोलवील."

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय मागं घेतले.

"मला उद्या उत्तमभाऊंच्या घरी पोचवा," एवढंच म्हणाल्या.

आज सकाळी रिक्षा केली. त्यांनी तुझं काहीही बरोबर घेतलं नव्हतं, ना फोटो ना फोन. सगळा रस्ता पदर घट्ट धरून बसल्या होत्या. नगर नाका गेला, छावणी गेली, मी मधेच काहीतरी बोलायला गेलो तर त्या बाहेर बघत राहिल्या. उत्तमच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबवली. मी उतरायला लागलो.

"भाऊजी, तुम्ही हितंच थांबा."

मी थांबलो. उत्तम काठी टेकत ओट्याखाली उतरून आला, त्याची बायकोही आली. तिनं वहिनींचा हात धरला आणि आत नेलं. उत्तमनं माझ्याकडं पाहिलं, मान हलवली, आणि दार लोटून घेतलं.

रिक्षावाल्यानं दोनदा बिडी ओढली, मग एक डुलकीही काढली. मी रस्त्यावर येरझाऱ्या घालत होतो. तू जे इतकी वर्षं पोटात ठेवलं होतंस ते आत बोललं जात होतं, तुझ्या बायकोच्या तोंडून, आणि ज्याच्यासाठी ते होतं तो ऐकत होता. तू असतास तर मला नंतर सगळं रंगवून सांगितलं असतंस, मधे मधे माझी टर उडवत. मला तुझी इतकी आठवण आली, रंगनाथ, की मी त्या गल्लीच्या तोंडाशी भिंतीकडं तोंड करून रडलो.

त्या आल्या तेव्हा उत्तमची बायको त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली होती. वहिनींच्या हातात झाकलेला डबा होता. डोळे सुजलेले होते, पण चालणं मोकळं होतं. परतीच्या वाटेवर मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं. वाळूज आलं, तुझ्या घराची कमान आली, त्या उतरल्या, आणि माझ्यानं राहवलं नाही.

"वहिनी, माझ्याबद्दल काही म्हणाला का तो?"

त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला आणि आठवून बघितल्यासारखं केलं.

"नाय, भाऊजी. तुमचा इषय निघाला नाय."